बंगई कोणाची, कड्या कोणाच्या

चि. भाच्यास,


घराच्या खरेदीत जमिनीवरून आणि भिंतींवरून जेवढी भांडणं होतात, त्याहून जास्त भिंतीला लावलेल्या वस्तूंवरून होतात. किंमत ठरते, इसार दिला जातो, बँक कर्ज मंजूर करते, आणि ताब्याच्या दिवशी घेणारा दार उघडतो तर पंख्यांच्या जागी नुसत्या लोंबत्या वायरी. विकणाऱ्याच्या लेखी पंखे त्याचे, घेणाऱ्याच्या लेखी ते घराचे. दोघंही मनापासून बोलत असतात, म्हणूनच तोडगा लवकर निघत नाही. ‘सामानाचं रजिस्ट्री झाल्यावर बघू’ हे अशा भांडणांचं ठरलेलं पहिलं वाक्य. परवा ते फोनवर, तेही घरच्याच तोंडून ऐकलं आणि रात्री झोप आली नाही. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या वेळी हेच वाक्य कोण बोललं होतं, ते आईला विचार. असो, आधी विषय.

या बाबतीतला मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. त्याच्या कलम ८ प्रमाणे घर विकलं की घराबरोबर त्याची कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी केलेल्या इतर सगळ्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. मात्र हे सारं ‘वेगळा इरादा व्यक्त केला नसेल तर’. म्हणजे दोघांनी लिहून ठरवलं तर कायदा बाजूला होतो. काहीच लिहिलं नाही तरच तो मध्ये येतो. कलम ३ त्याच्या जोडीला वाचावं लागतं. जमिनीत रुजलेलं झाड, जमिनीत रोवलेली भिंत, आणि त्या भिंतीच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जोडलेली वस्तू, या तिन्हींना कायदा जमिनीशी संलग्न मानतो. सगळी मेख तिसऱ्या प्रकारात आहे. वस्तू भिंतीला जोडलेली असणं पुरेसं नाही; ती भिंतीच्या, म्हणजे घराच्या, भल्यासाठी जोडलेली असावी लागते.

लोक नेमके इथेच चुकतात. ते स्क्रू मोजतात. चार स्क्रूंनी बसवलं म्हणजे घराचं, खिळ्याला टांगलं म्हणजे माझं, असा सोपा हिशेब मांडतात. न्यायालयांनी तो मानलेला नाही. बल्लारशाच्या पुढे जे सिरपूर-कागजनगर लागतं, तिथल्या पेपर मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं की यंत्र हलू नये, नीट चालावं म्हणून ते काँक्रीटच्या पायावर घट्ट बसवलं, एवढ्याने ते स्थावर होत नाही. दोनच वर्षांनी डंकन्स इंडस्ट्रीजच्या खटल्यात त्याच न्यायालयाने खत कारखान्याची यंत्रं स्थावर ठरवली, कारण ती तिथे कायमची राहावीत या हेतूनेच रोवलेली होती. पहिला वाद अबकारी कराचा, दुसरा मुद्रांक शुल्काचा. पण दोन्हीकडे नजर होती ती हेतूवर. इंग्लंडमध्ये १८७२ च्या हॉलंड विरुद्ध हॉजसन खटल्यापासून हीच दुहेरी कसोटी चालत आली आहे: वस्तू किती घट्ट जोडली, आणि कशासाठी जोडली. त्या निकालातला दाखला असा की जहाजाचा नांगर तळाच्या मातीत कितीही खोल रुतला तरी तो जमिनीचा भाग होत नाही.

वस्तूवार गेलं तर बराचसा गोंधळ सुटतो. स्वयंपाकघराचा ओटा, भिंतीत बसवलेली कपाटं, नळ, बेसिन, कमोड, वरची टाकी, बोअरचा पंप ही घराची. ओट्याखालच्या ट्रॉल्या मापाने करून घेतलेल्या असतात. काढून नेल्या तर दुसऱ्या स्वयंपाकघरात बसत नाहीत आणि मागे भगदाड राहतं, म्हणून त्याही घराच्याच धराव्यात. फ्रिज, वॉशिंग मशीन, पडदे, गालिचे विकणाऱ्याचे. लंडनच्या एका फ्लॅटवरून मालक आणि बँक यांच्यात वाद झाला, तेव्हा १९९६ मध्ये अपील न्यायालयाने साधारण अशीच वाटणी केली: ओट्याची कपाटं आणि न्हाणीघरातले नळ फ्लॅटचे, गालिचे, पडदे आणि स्वयंपाकघरातली यंत्रं मालकाची. भिंतीत बांधलेला संगमरवरी देव्हारा राहतो, देव जातात. यावर कुणी भांडलेलं ऐकिवात नाही, कारण तिथे हेतू सगळ्यांना ठाऊक असतो.

पंखे, गिझर आणि एसी यांवर मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येतं. गिझर भिंतीला लावलेला असतो खरा, पण तो सहज काढता येतो आणि दुसरीकडे तसाच चालतो. छताचा पंखाही तसाच. कायद्याच्या काटेकोर वाचनात ही विकणाऱ्याचीच म्हणावी लागतील. पण घर दाखवताना पंखे फिरत होते आणि ते पाहूनच भाव ठरला, असं घेणारा म्हणतो, तेही अगदीच खोटं नसतं.

नागपुरात हा वाद सर्वांत तापतो तो कूलरवरून. इथे कूलर बारा महिने खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला असतो, त्याच्यासाठी खिडकीची जाळी कापलेली असते, पाण्याचा पाइप भिंतीतून आणलेला असतो. कूलरची पेटी, मोटर आणि वाळ्याच्या ताट्या विकणाऱ्याच्या. भिंतीत ग्राउट केलेला स्टँड, कापलेली चौकट आणि पाइप घराचे. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तिथे खिडकीच्या मापाने करून घेतलेला कूलर ही चैन नव्हे, तो खिडकीचा भाग आहे, आणि घर विकणाऱ्याने तो सोडून जावा. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. पहिल्या रात्री पाणी आलं, दिवा लागला आणि झोप लागली, तरच ते घर. कोर्ट असं म्हणणार नाही, हे मान्य. पण घर देणाऱ्याला कळायला हवं. हा मुद्दा आधीही मांडला होता, आणि तेव्हा तू हसला होतास.

बंगईचं, म्हणजे झोपाळ्याचं, उत्तर सोपं आहे. स्लॅब टाकतानाच रोवलेल्या कड्या घराच्या. साखळ्या आणि पाट विकणाऱ्याचे. आक्काच्या घरी कड्यासुद्धा कापून नेल्या आणि छताचं प्लास्टर खाली आलं. त्या माणसांशी आजही बोलणं नाही.

अंगणातल्या झाडांचा कायदा जास्त रंजक आहे, आणि त्यात नागपूरचा हात आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात १९५८ च्या शांताबाई खटल्यात त्याची फोड केली. वाद जमीनदारीतल्या जंगलातली झाडं तोडण्याच्या हक्काचा होता, आणि आधार होता १९४८ चा एक नोंदणी न झालेला कागद. बोस यांचं म्हणणं असं: लवकरच तोडायचं ठरलेलं इमारती झाड हे उभं लाकूड, म्हणून जंगम, पण जमिनीतून रस घेत वाढत राहावं म्हणून ठेवलेलं झाड स्थावर. म्हणजे अंगणातला आंबा घराबरोबर जातो, कुंडीतला मोगरा जात नाही. शिवाय १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, मग ते कोणाचंही असो.

छतावरचा सौर संच हे नवं भांडण. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळू लागलं आणि नागपुरात गच्च्या पॅनलनी भरल्या. सांगाडा गच्चीत रोवलेला, वीज घराला, म्हणून संच घराचा, असं म्हणायला जागा आहे. पण नेट मीटरिंगचा करार वीजग्राहकाच्या नावे असतो, तेव्हा महावितरणकडे मीटरचं नाव बदलताना तोही बदलून घ्यावा. वरच्या मजल्यावर भाडेकरू असेल तर त्याने स्वतः लावलेल्या वस्तू ताबा सोडण्याआधी काढून नेण्याचा हक्क त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम १०८ त्याला देतं, जागा मूळ स्थितीत ठेवण्याच्या अटीवर. त्या वस्तू घरमालक विकूच शकत नाही.

या सगळ्यावर उपाय एकच, आणि तो इसाराच्या दिवशीचा: यादी. नव्या फ्लॅटच्या महारेराच्या नमुना करारात फिटिंग आणि सुविधांचं परिशिष्ट असतं. जुन्या घराच्या इसारपत्रात ते कुणी जोडत नाही. लाखो रुपयांच्या कागदावर चतुःसीमा लिहितात, पंख्यांची संख्या लिहीत नाहीत. यादीत काय राहणार आणि काय जाणार, दोन्ही लिहावं. वस्तूंचे फोटो काढावेत, त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. काढलेल्या वस्तूमागचं भोक कोण बुजवणार तेही लिहावं. ‘फर्निचरचा वेगळा करार करू, तेवढं मुद्रांक शुल्क वाचेल’ असं एजंट सुचवतो. सोफ्या-पलंगापुरतं ते ठीक. पण ओटा आणि कपाटं जंगम दाखवून किंमत फोडणं म्हणजे कोर्टाला आमंत्रण. शिवाय शुल्क करारातली किंमत आणि सरकारी तक्त्यातला दर यांतल्या जास्त रकमेवर बसतं, म्हणजे वाचतंही थोडंच.

यादी न करता इसार देऊन बसलेल्याच्या हातातही थोडं उरतं. १८८२ च्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करारापासून ताब्यापर्यंत विकणाऱ्याने मालमत्तेची शहाण्या मालकासारखी काळजी घ्यायची असते, म्हणजे मधल्या काळात नळ उपटून नेणं त्याला चालत नाही. रजिस्ट्रीआधी पुरवणी कागदावर यादी करता येते. शेवटची रक्कम देण्याआधी घर पुन्हा पाहून यादी ताडून घेता येते. काही कमी असेल तर तेवढी रक्कम दोघांच्या लेखी संमतीने कापता येते. एकदा पूर्ण पैसे गेले की दोन पंख्यांसाठी दिवाणी कोर्टात कुणी जात नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, आणि तुला नाही, याचीच काळजी आहे. पुरवणी कागद टाइप करून या रविवारी इकडे घेऊन ये. बोअरच्या पंपाचा नंबर आणि वीज-पाणी मीटरचं वाचन त्यात राहून गेलं असेल, ते भरू.

तुझा,
मामा