तिसरी प्लेट

अंतिम वर्षाच्या एका मुलाने प्रोजेक्टचा कोड सी++17 मध्ये लिहून आणला. लॅबमधल्या कंपायलरने तो वाचायलाही घेतला नाही, कारण सी++17 हा पर्यायच त्याच्या ओळखीचा नव्हता. लॅबमध्ये सेंटओएस 7 ही प्रणाली, आणि तिच्यासोबत आलेला जीसीसी 4.8.5 हा कंपायलर. 4.8 ही मालिका 2013 ची, म्हणजे सी++17 हे प्रमाण येण्याच्या चार वर्षं आधीची. ॲडमिनचा पासवर्ड आम्हा शिकवणाऱ्यांकडेही नसतो. नवं काही टाकून हवं असेल तर अर्ज करायचा, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत सबमिशनची तारीख उलटून जाते. मुलगा म्हणाला, "मॅम, मी सगळं जुन्या पद्धतीने परत लिहून काढू का?" मी म्हटलं, नको, आपण नवा कंपायलर बांधू. होम डिरेक्टरीत ठेवू, तिथे कुणाची परवानगी लागत नाही.

हे म्हणताना मला आनंदच झाला होता. पुण्याला इंजिनिअरिंग करताना धनंजय धामधेऱ्यांच्या पुस्तकावरून कंपायलर शिकले, आणि आता इतकी वर्षं तोच विषय शिकवते आहे, सध्या झाशीत. आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा पार्सिंगच्या तक्त्यांपाशी संपतो. मुलं फर्स्ट आणि फॉलोचे संच पाठ करतात, पेपर लिहितात, आणि रोज वापरात असलेला कंपायलर आतून कसा आहे हे कधीच बघत नाहीत. खरं तर बघायला मनाई कुणाचीच नाही. रिचर्ड स्टॉलमनने 1987 मध्ये जीसीसी दिला तोच सोर्ससकट. मुंबई आयआयटीत उदय खेडकरांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं, कार्यशाळा घेतल्या आणि त्यांची टिपणं सगळ्यांसाठी खुली ठेवली. पुण्याच्या केपीआयटी कमिन्समधली मंडळी रेनेसासच्या एसएच आणि एच8 प्रोसेसरांसाठी जीसीसी बांधून जगभर मोफत देत असत. म्हणजे हे काम मराठी माणसांनी पोटापाण्यासाठी केलेलं आहे. झाशीतल्या मुलांनी ते निदान एकदा हाताने करून बघावं, असं मला फार दिवस वाटत होतं.

लॅब पाचला बंद होते आणि जीसीसीचं बांधकाम तासन् तास चालतं, म्हणून ते घरीच करायचं ठरलं. झाशी छावणीतलं आमचं घर म्हणजे जुना बैठा बंगला. भिंती जाड, छत उंच, मागच्या अंगणात कडुनिंब. मे 2022 चा उन्हाळा होता, पारा 45 च्या पुढे गेलेला. अहमदनगरहून बदली झाली तेव्हा काळ्या पेटीत गाद्यांच्या मधे घालून आणलेला एक जुना डेस्कटॉप होता: आय3 प्रोसेसर, 4 जीबी मेमरी. त्यावर मुद्दाम सेंटओएस 7 टाकलं. इथे बांधलेलं लॅबमध्ये चालायचं तर दोन्हीकडची सी लायब्ररी एकच हवी. कूलरचा दमट वारा लागू नये म्हणून तो आतल्या खोलीत ठेवला आणि बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला.

जीसीसीची 12 वी मालिका तेव्हा नुकतीच आली होती. मी 9 वी निवडली. सी++17 वरची 'प्रायोगिक' ही पाटी जीसीसी 9 मध्ये निघाली, आणि 9 बांधायला 4.8 पुरतो. सोर्सची दाबलेली फाईल जेमतेम 70-80 एमबीची, पण आत सुमारे दीड कोटी ओळी. ती उलगडली की आधी तीन लायब्ररी आणाव्या लागतात: जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी. मुलाने विचारलं, कंपायलरला मोठमोठ्या आकड्यांचं गणित कशाला हवं? प्रश्न चांगला होता. तुम्ही कोडमध्ये एखाद्या स्थिर आकड्याची साइन लिहिलीत, तर ती किंमत जीसीसी कंपाइल करतानाच काढून ठेवतो. कंपायलर चालतो त्या यंत्राच्या प्रोसेसरवर विसंबून ते गणित केलं, तर दुसऱ्या यंत्रावर शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो. म्हणून हवी तितकी अचूकता देणारी स्वतंत्र लायब्ररी लागते. या तिघी आणून देणारी छोटी स्क्रिप्ट सोर्समध्येच असते. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती चालवली, एवढंच काय ते इंटरनेट लागलं.

पुढची पायरी कॉन्फिगर. सोर्सच्या बाहेर वेगळी डिरेक्टरी करून तिथून तो चालवायचा, म्हणजे मूळ फायलींना धक्का लागत नाही. भाषा फक्त सी आणि सी++ मागितल्या. 32 बिटांचा भाग वगळला, कारण त्याच्या लायब्ररी या यंत्रावर नव्हत्या. प्रीफिक्स, म्हणजे तयार कंपायलर बसवायची जागा, होम डिरेक्टरीतली दिली. मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम, एका वेळी दोनच कामं. 4 जीबीत चार कामं एकदम लावली की मेमरी संपते आणि कर्नल कंपायलरलाच मारून टाकतो.

मेक चालू असताना पडद्यावरून पळणाऱ्या ओळी मुलाला वाचायला लावल्या, आणि त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ तोच होता. जीसीसीतला बराच कोड माणसाने लिहिलेलाच नसतो. प्रोसेसरच्या सूचनांचं वर्णन एका वेगळ्याच बोलीत लिहिलेलं असतं. ते वाचून जेन या अक्षरांनी सुरू होणारे छोटे प्रोग्रॅम हजारो ओळींचा सी++ कोड लिहितात, आणि मग तो कंपाइल होतो. इंटेलच्या वर्णनातून निघालेल्या अशा एका फाईलपाशी यंत्र इतका वेळ रेंगाळलं की पंख्याचा आवाज बदलला. "मॅम, म्हणजे कंपायलर बांधायच्या आधी कंपायलर लिहिणारे प्रोग्रॅम बांधतात?" तो म्हणाला. वर्गात हे मी अनेकदा सांगितलं असेल. डोळ्यांसमोर घडताना त्याला ते एका ओळीत कळलं.

दुपारी वीज गेली. आमचा इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांपुरताच, त्यामुळे डेस्कटॉप जागच्या जागी बंद पडला. त्याने फारसं बिघडत नाही. मेक प्रत्येक फाईलची वेळ बघतो: सोर्सपेक्षा ऑब्जेक्ट फाईल नवी असेल तर ती पुढे जाऊ देतो, जुनी असेल तर परत बांधतो. म्हणजे थांबलं तिथून काम पुढे सुरू व्हायला हवं. पण वीज आल्यावर मेकने इशाऱ्यांची रांग लावली: अमुक फाईलची वेळ भविष्यातली आहे, घड्याळात तफावत आहे, बांधकाम अपुरं राहू शकतं. तारीख बघितली तर यंत्र 2011 च्या जानेवारीत जाऊन बसलं होतं. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, आणि घरात नेटवर्क नसल्यामुळे वेळ दुरुस्त करणारंही कुणी नव्हतं. असंच चालू ठेवलं असतं तर प्रत्येक नव्या फाईलवर 2011 चा शिक्का बसला असता, ती तिच्या सोर्सपेक्षा जुनी ठरली असती, आणि पुढच्या वेळी मेकने तीच परत बांधायला घेतली असती. काम कधीच संपलं नसतं.

मुलगा स्कूटरवरून सदर बाजारात गेला आणि घड्याळाच्या दुकानातून सीआर2032 सेल घेऊन आला. सेल बदलला, तारीख हाताने लावली. मग आणखी एक झाडलोट केली. वीज जाताना ज्या फायली लिहिल्या जात होत्या त्या शून्य बाइटच्या होऊन पडल्या होत्या. वेळ नवी, पोटात काही नाही. मेकला त्या तयारच वाटतात आणि पुढे लिंकर अडखळतो. शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फायली शोधून पुसल्या आणि मेक परत सुरू केला. सरळ चाललेल्या बांधकामातून मुलाला डिपेंडन्सी ही गोष्ट इतकी स्वच्छ समजली नसती.

संध्याकाळी ओळखीचे एक काका आले. झाशीत नेवाळकरांच्या काळापासून राहिलेली मराठी घरं अजून आहेत. काकांचं घर त्यांतलंच, मराठीला बुंदेली हेल असलेलं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं. चहा घेता घेता त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, "ताई, हे एवढा वेळ काय करतंय?"

मी सांगितलं. नवा कंपायलर जुन्या कंपायलरकडून बांधून घ्यायचा, ही पहिली स्टेज. हा नवा चालतो, पण त्याचं अंग जुन्याने घडवलेलं. मग या नव्याकडून तेच सोर्स पुन्हा बांधून घ्यायचं, ही दुसरी. दुसऱ्याकडून पुन्हा तेच, ही तिसरी. दुसरी आणि तिसरी एकाच सोर्सच्या कंपायलरने त्याच सोर्सवर केलेली असल्यामुळे त्या बाइटला बाइट सारख्या यायला हव्यात. जीसीसी शेवटी स्वतःच त्या ताडून बघतो.

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही सरफेस प्लेट सपाट करायचो तेव्हा निळा रंग लावून एकीवर दुसरी घासायची, रंग लागला तो उंचवटा स्क्रेपरने काढायचा. पण दोनच प्लेटा घेतल्या तर फसायला होतं बघा. एक खोलगट, एक फुगीर, तरी एकमेकींवर अशा बसतात की मधे कागद जाणार नाही. तिसरी प्लेट आणावीच लागते. तिघी एकमेकींवर बसल्या, मगच सपाट म्हणायचं. तुमची दुसरी आणि तिसरी सारखी आली, पण दोघींत एकच खोट असली तर?"

केन थॉम्पसनने ट्युरिंग पुरस्कार घेताना केलेल्या, 1984 मध्ये छापून आलेल्या भाषणात नेमकं हेच दाखवलं होतं. कंपायलरमध्ये एक सापळा असा लपवता येतो की कंपायलर स्वतःला बांधताना तो सापळा पुन्हा घालत राहतो. सोर्स कितीही वाचा, त्यात तो सापडत नाही, कारण तो फक्त बायनरीतून बायनरीत उतरत जातो. स्टेज दोन आणि तीन अगदी जुळतात आणि दोन्ही सारख्याच वाकड्या असतात. हे भाषण मी दर वर्षी शिकवते. कंपायलरचं पुस्तक कधी न उघडलेल्या माणसाने तोच प्रश्न त्याच्या धंद्यातून माझ्यासमोर ठेवला.

रात्री उशिरा ताडणी झाली. पडद्यावर आधी इशारा आला की चेकसमच्या फायली वेगळ्या आहेत. मुलाचा चेहरा पडला, पण त्या फायलींना सूट असते. कंपायलरची स्वतःची ओळखखूण त्यांत असते आणि ती वेगळी येऊ शकते. त्याखालीच 'ताडणी यशस्वी' अशी ओळ आली.

दुसऱ्या दिवशी नवा कंपायलर बसवलेली डिरेक्टरी दाबून पेनड्राइव्हवर लॅबमध्ये नेली. जीसीसी आपल्या लायब्ररी स्वतःच्या जागेवरून शोधतो, त्यामुळे वेगळ्या होम डिरेक्टरीतही त्याने तक्रार केली नाही. मुलाचा कोड कंपाइल झाला, पण चालताना अडला: जीएलआयबीसीएक्सएक्स 3.4.28 सापडत नाही. लॅबमधली सी++ लायब्ररी 3.4.19 पर्यंतचीच, आणि प्रोग्रॅम चालताना आधी तिच्याकडे जात होता. लिंक करतानाच नव्या लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्ये कोरून दिला आणि प्रोजेक्ट चालू लागला.

काकांचा प्रश्न मात्र मला सोडत नव्हता. त्याचं उत्तर डेव्हिड व्हीलर या संशोधकाने दिलेलं आहे. कंपायलरचं तेच सोर्स अगदी वेगळ्या घराण्यातल्या कंपायलरकडून बांधून घ्यायचं, त्यातून पुन्हा स्वतःला बांधू द्यायचं, आणि शेवटचा निकाल ताडायचा. त्याने 2009 च्या प्रबंधात जीसीसीची अशी परीक्षा इंटेलच्या कंपायलरने घेतली. आमच्या हाताशी क्लँग हा वेगळ्या घराण्यातला कंपायलर होता, 3.4 आवृत्तीचा. पहिलं बांधकाम बाजूला सरकवलं, त्याच जागी, त्याच पर्यायांनी, फक्त पहिल्या स्टेजला 4.8 च्या ऐवजी क्लँग लावला. क्लँग जेन प्रोग्रॅमांनी लिहिलेल्या एका फाईलपाशी अडला: कंसात कंस 256 च्या पलीकडे गेले होते. मर्यादा वाढवायचा पर्याय क्लँगच्या नावालाच जोडून दिला, म्हणजे तो फक्त पहिल्या स्टेजला लागू झाला आणि पुढच्या दोघींना त्याचा स्पर्श झाला नाही.

बांधकाम संपल्यावर दोन्ही वेळच्या तिसऱ्या स्टेजच्या ऑब्जेक्ट फायली डीबगची माहिती काढून एकेक करून ताडल्या. सीएमपी ही आज्ञा फरक असला तरच बोलते. चेकसमच्या फायली सोडल्या तर ती काहीच बोलली नाही. एक वंश जीसीसी 4.8 चा, दुसरा क्लँगचा, आणि दोघांतून निघालेला जीसीसी 9 एकच. आता त्यात सापळा असायचा तर तोच सापळा क्लँगमध्येही आधीपासून असायला हवा. मी काकांना फोन करून सांगितलं की तिसरी प्लेट बसली. त्यांनी लगेच विचारलं, "आणि घासायचं हत्यार तेच होतं का?"

हो, तेच होतं. असेंबलर आणि लिंकर दोन्ही वेळी सेंटओएसच्या बाइन्यूटिल्स 2.27 मधलेच. जुलैत नवी तुकडी आली तेव्हा बाइन्यूटिल्सचं सोर्स मी त्यांना आपापल्या होम डिरेक्टरीत बांधायला दिलं. जीसीसीच्या मानाने ते लहान आहे, लॅबच्या वेळेत पुरं होतं. लॅबला यूपीएस आहे, तरी सगळ्या यंत्रांवरच्या तारखा आधी बघून घ्यायला सांगितल्या.