ट्रकच्या आधीची 11 वर्षं

अभियंता गेला की आपण त्याचं आयुष्य दोन रकान्यांत मांडतो. एका रकान्यात कारखाने, उत्पादन, पुरस्कार. दुसऱ्यात घरावरची माया. दुसरा रकाना बहुधा एका ओळीत आटोपतो, आणि त्याचा पहिल्याशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. पिंपरी-चिंचवडला आकार देणाऱ्या सुमंत मूळगावकरांबद्दल विचार करताना मला ही मांडणी चुकीची वाटू लागते. जोपासायला जो वेळ लागतो तो न कुरकुरता देणं, हा गुण घरात जितका लागतो तितकाच कारखान्यातही लागतो, आणि मूळगावकरांचं मोठेपण मला त्यातच दिसतं. जेवणाच्या सुट्टीत ते हमरस्त्यावरच्या धाब्यावर जाऊन ट्रकचालकांशी बोलत, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ती खरी असेलही, पण माझं म्हणणं तिच्यावर उभं नाही. त्यासाठी तारखा पुरेशा आहेत.

मूळगावकरांचा जन्म 1906 चा, मुंबईचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अभियांत्रिकी शिकून ते सिमेंट उद्योगात आले आणि 1949 मध्ये टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. टेल्को जमशेदपूरला उभी राहिली होती ती रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी. 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार झाला, ट्रक बनू लागले, आणि 1969 मध्ये तो करार संपला. दरम्यान 1966 मध्ये टेल्कोने पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर पाय रोवले. मात्र इथे तयार झालेलं पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते 1977 मध्ये. मधल्या 11 वर्षांत काय चाललं होतं? पोरं घडत होती. प्रशिक्षण विभागात अॅप्रेंटिस फायलिंगपासून शिकत होते, टूलरूममध्ये डाय, जिग, फिक्श्चर बनत होते, यंत्रं बनवणारी यंत्रं तयार होत होती. उजाड जमिनीवर झाडं लागली, तलाव झाला. आज तो सुमंत सरोवर म्हणून ओळखला जातो आणि तिथे पक्षी उतरतात.

यावर कोणी म्हणेल की ही दूरदृष्टी नव्हे, नाइलाज होता. 1966 मध्येच रुपयाचं अवमूल्यन झालं, परकीय चलनाची चणचण होती, परवान्याशिवाय पान हलत नव्हतं. बाहेरून यंत्रं आणता येत नव्हती म्हणून घरी बनवली. यात तथ्य आहे. पण तोच नाइलाज देशातल्या प्रत्येक कारखानदारापुढे होता. जुन्या आराखड्यावर जुनंच वाहन वर्षानुवर्षं विकत राहणं ही त्यावरची सोपी वाट होती, आणि बंदिस्त बाजारात ती भरपूर नफ्याचीही होती. मूळगावकरांनी ती अडचण शिकण्यासाठी वापरली. त्याचं फळ 1986 मध्ये दिसलं. टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या होत्या, आणि पुण्याहून टाटा 407 आला, परदेशी भागीदाराशिवाय. तो नुसता टिकला नाही, त्याने बाजार ताब्यात घेतला. असं वाहन दोन-तीन वर्षांच्या घाईत उभं राहत नाही. त्यामागे शॉप फ्लोअरवर मुरलेले हात लागतात.

आता घराकडे. त्यांच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा मला अधिकार नाही. सार्वजनिक नोंद आहे तेवढीच घेतो. पत्नी लीला मूळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाचं काम देशात रुजवलं. त्यांना 1963 मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. या कर्तृत्वाचं श्रेय नवऱ्याला देणं अन्यायाचं होईल. पण ज्या पिढीत यशस्वी पुरुषाची बायको फोटोच्या कडेला उभी असे, त्या पिढीत या घरात दोन स्वतंत्र आयुष्यं वाढली, एवढं खरं. याच न्यायाने उणंही सांगायला हवं. 1974 च्या सुमारास टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, टाटा समूहाचे प्रमुख जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, तेव्हा ते दार उघडलं. टेल्कोचे अध्यक्ष तेव्हा मूळगावकरच होते. घरात जी मोकळीक होती ती कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचायला बाहेरच्या मुलीला टक्कर द्यावी लागली.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. आपण सगळे एक कुटुंब, असं म्हणणारा मालक पगारवाढीच्या वेळी वडीलकी दाखवतो, हा कामगारांचा जुना अनुभव आहे. मूळगावकर जुलै 1989 मध्ये गेले आणि सप्टेंबरमध्ये त्याच टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. पोलिसांनी ते आंदोलन मोडलं. म्हणून प्रशिक्षण विभाग आणि झाडी दाखवून मी त्या कारखान्याला कुटुंब म्हणणार नाही. कामगाराला मालकाच्या मायेची गरज नसते, हक्काची असते. मात्र हक्कांच्या यादीत शिकण्याचा हक्कही मोडतो, आणि त्या बाबतीत तो माणूस कामगाराला देणं लागत होता तेवढं देऊन गेला.

हे आज सांगायचं कारण पुण्याजवळचं चाकण. कधी टेल्कोच्याच आवारात गाड्या जोडणारी मर्सिडीज 2009 पासून तिथे आहे, फोक्सवॅगन आहे, महिंद्रा आहे, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने. या पट्ट्यात आयटीआय करून आलेला मुलगा ट्रेनी म्हणून लागतो, एकच काम महिनोन्महिने करतो, मुदत संपली की दुसऱ्या फाटकावर पुन्हा ट्रेनी होतो. त्याच्या कार्डावर प्रशिक्षण लिहिलेलं असतं. हातात नवी कला येतेच असं नाही. 11 वर्षं थांबणं आज कुठल्याही कंपनीला परवडणार नाही, हे मान्य. 11 महिन्यांत त्या मुलाला एक काम पुरतं शिकवणं परवडतं. या पट्ट्यातल्या कारखान्यांचे जे प्रमुख उद्या निवृत्त होतील, त्यांच्या गौरवसमारंभात गाड्यांचे आकडे वाचण्याआधी त्यांच्या हाताखाली कोण कोण शिकलं, त्यांची नावं वाचा.