उतारावरची सबुरी

वाचकहो, गुडघ्यांच्या धास्तीने आपणही चढउतार वर्ज्य केले आहेत काय? साठीनंतर मी केले होते. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे, ओकच्या गर्द छायेत, १९८४ पासूनचे डेलाव्हिएगा हे डिस्क गोल्फचे डोंगराळ मैदान आहे. तबकडी फेकावी, तिच्यामागे चालावे, साखळ्यांच्या टोपलीत ती विसावेपर्यंत फेकी मोजाव्यात, एवढाच खेळ. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा भार सावरतात. म्हणून पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकवावेत. २७व्या टोपलीसाठी माथ्यावर उभे राहिले की दूर मॉन्टेरे उपसागर दिसतो. तेथून तबकडी झेपावली, आणि तिला शोधण्याच्या ओढीने मी काठीविना, सावकाश, संपूर्ण उतार उतरलो.