डबींतला वास

आमच्या आजीच्या लांकडी पेटींत एक चांदीची डबी असे. तिच्यांत जवादी कस्तुरी आहे, एवढेंच आम्हांस लहानपणीं ठाऊक होतें. ती येते कोठून, हें विचारण्याची बुद्धि कधीं झाली नाहीं. ती कस्तुरी मांजर नांवाच्या मांसाहारी जनावराच्या शेपटीखालच्या ग्रंथींतून निघते, आणि तिच्यासाठीं त्याला अरुंद पिंजऱ्यांत कोंडून चमच्यानें खरवडीत, हें आम्ही पन्नाशी उलटल्यावर वाचलें. (नांवांत मांजर असलें तरी त्याचें नातें उदमांजराशीं.)

या कुळांतील मलबारी जातीचें वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनीं १८६२ सालीं केलें. पाठीच्या कण्यावर काळ्या केंसांची आयाळ, गळ्यावर काळेपांढरे पट्टे, अंगावर मोठाले ठिपके. होनावरापासून कन्याकुमारीपर्यंत तें आढळतें, असें जर्डनसाहेबांनीं १८६७ च्या ग्रंथांत लिहिलें. होनावर आपल्या गोव्याहून फार दूर नव्हे! पुढें मात्र तें दिसेनासें झालें. नामशेषच झालें, असें लोक म्हणूं लागले, तों १९८७ सालीं उत्तर केरळांत त्याचीं कातडीं हातीं आलीं. जनावर आहे, हें कळलें तें त्याच्या मरणानें.

काजूच्या बागांतील माजलेल्या झुडपांत तें तगून राहिलें असावें, असा तर्क निघाला. काजू पोर्तुगीजांनीं आणलेला. त्याच्या बुंध्याखालचें रान मालकांनीं साफ केलें नाहीं, तोंवर या प्राण्यास आडोसा होता. पुढें त्या बागा तोडून रबर लावूं लागले. रबराखालची जमीन झाडलेल्या अंगणासारखी. तेथें लपावें कोठें?

रानांत आपोआप टिपणारे कॅमेरे लावूनही एकसुद्धां छायाचित्र मिळालें नाहीं. फार तर अडीचशेंहून कमी प्रौढ जनावरें उरलीं असावींत, असा अंदाज. आणि २०१० सालीं दोघां अभ्यासकांनीं याहून चमत्कारिक शंका काढली: हें जनावर इकडचें नसेलच, कस्तुरीच्या व्यापारासाठीं आग्नेय आशियांतून आणलेलें असेल. तसें असेल तर तो अपराध आमच्यासारख्या डबीवाल्यांचाच!

जें दिसलें नाहीं तें नाहींच, असें अनुमान काढूं नये, हें आम्ही तर्कशास्त्राच्या तासाला तीस वर्षें सांगत आलों. परंतु ज्याचें असणेंच संशयित, त्याचा शोक कसा करावा, हें आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीं.

परवां ती डबी उघडली. आंत कांहीं नव्हतें. धाकट्या मुलीनें ती नाकाशीं धरली आणि म्हणाली, “बाबा, अजून वास येतो कीं!” आम्हांस तो आला नाहीं.