आरशामागची ट्यूब

जालना जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत आरशामागं हात घातला, की कंगव्याशेजारी ती सापडते. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, टोपण हरवलेलं, तोंडाशी सुकलेल्या मलमाचा पिवळसर थर. अंगावर लाल पट्टी आणि बारीक अक्षरांत ताकीद. ती वाचायला चष्मा शोधतो कोण?

घरात आली ती काकांच्या गजकर्णासाठी. कपाशीत दिवसभर घामेजलेल्या माणसाची खाज तिनं दोन दिवसांत थांबवली आणि घरात तिचा मान वाढला. मग बाळाची लंगोटाखालची लाली, आजीच्या टाचेच्या भेगा, आणि शेवटी बारावीतल्या पोरीच्या गालावरच्या पुटकुळ्या. "लाव गं, काकांना लगेच गुण आला."

पोटात तिघं कोंबलेले: एक बुरशी मारणारा, एक जंतू मारणारा, तिसरा स्टेरॉइड. दिसते ती तिसऱ्याचीच कर्तबगारी. तो रक्तवाहिन्या आवळतो, सूज दाबतो. चार दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळ दिसतो. लगीनसराईत तर तिला भलताच भाव! मग पुटकुळी नसली तरी रात्री बोट फिरतंच. काही आठवड्यांनी, महिन्यांनी कातडी पातळ होते, उन्हात गाल आग करतात, लव वाढते, बारीक लाल रेषा उमटतात. लावणं थांबवलं की पुरळ उसळतं. तरी तिच्यावर बोट कुणी ठेवत नाही. "ती होती तोवर बरं होतं," असंच म्हणतात. एवढं गोडबोलेपण माणसातसुद्धा क्वचित.

2018 मध्ये सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेनं असल्या ट्यूबच्या गैरवापराविरुद्ध कृती दल उभारलं. तिला काय त्याचं! "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की ती अजूनही काउंटरवर हजर होते.

तिची एक सवत आहे, बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल; पुटकुळीसाठी खरी तीच. अडीच टक्क्यांची घ्यावी, रात्री पातळ थर लावावा. पण कुणाची लाडकी नाही. सुरुवातीला चुरचुरते, सालपटं काढते, टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पाडते, आणि गुण दाखवायला सहा-आठ आठवडे घेते. शिवाय तिच्या अटी: तोंड दिवसातून दोनदाच सौम्य साबणानं धुवा, कपाळावर ओघळणारं खोबरेल आवरा, धुळीत बांधलेला स्कार्फ रोज धुवा, नखानं पिचकू नका. लिंबू आणि टूथपेस्ट तर चेहऱ्याजवळसुद्धा नको.

जुनीचा नाद महिनोन्महिने लागला असेल, तर तो घरच्या घरी सोडवू नये, त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. तिथं पोरी हटकून म्हणतात, "काहीच लावत नाही, साधी क्रीम." त्यापेक्षा ट्यूबच पिशवीत टाकून न्यावी. नाव वाचलं की डॉक्टरांना निम्मे प्रश्न विचारावे लागत नाहीत.