जास्वंदीस अनावृत पत्र

प्रिय जास्वंदी,

महाराष्ट्रात तुझं चित्र न काढलेला माणूस सापडणं कठीण. एलिमेंटरीच्या संकल्पचित्रात तू, गणपतीच्या मखरावर तू, दारातल्या रांगोळीतही तू. पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेला दांडा, त्यावर पिवळे ठिपके, झालं! जीवशास्त्राच्या तासाला तर ब्लेडने तुला उभं चिरून वहीत भागांची नावंही लिहून होतात. तू सगळ्यांना इतकी पाठ आहेस की समोर ठेवून तुला बघावं असं कुणाच्या मनातच येत नाही. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

समोर ठेवलं की आधी पाकळ्याच घोटाळ्यात पाडतात. पाठ केलेल्या चित्रात त्या शेजारी शेजारी गुमान बसलेल्या असतात. तुझी प्रत्येक पाकळी मात्र एका कडेने शेजारणीवर चढलेली आणि दुसऱ्या कडेने पलीकडचीच्या खाली गेलेली, पाचही एकाच दिशेने. तुझ्या नात्यातल्या भेंडीचं आणि कापसाचंही तसंच. हा पीळ हुकला तर चित्रातलं फूल ओळखू येतं, पण ते कागदाचं वाटतं. आणि तो दांडा म्हणजे पुंकेसरांची नळी. तिच्या आतून वर येऊन स्त्रीकेसर टोकाशी पाच फाटे फोडतो, प्रत्येकावर लाल, लवदार गोंडा. सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच घालवते.

फोटो काढून ठेव आणि सावकाश रंगव, असं लोक सुचवतात. इतर फुलांचं माहीत नाही, तुझ्या बाबतीत हा सल्ला कुचकामी. भर उन्हात मोबाइलने टिपलेला तुझा लाल इतका भडकतो की शिरा, चुण्या, वळणं सगळी एका सपाट डागात बुडून जातात. डोळ्यांना मात्र बरंच काही दिसतं: आभाळाकडे वळलेल्या भागावर गार, गुलाबीसर चकाकी, मागून ऊन आलेल्या पाकळीत नारिंगी धग, घशाशी काळपट किरमिजी.

रंगीत पेन्सिल हे कंजूष माध्यम आहे. गडदावर फिकट चढत नाही. लालावर पांढरी पेन्सिल फिरवली तर फक्त धुरकट गुलाबी उरतं. म्हणून जे उजळ राहायला हवं ते रंगाआधीच ठरवायचं. बारीक शिरांसाठी मी शाई संपलेलं बॉलपेन कागदावर दाबून ओढते. त्या चरात रंग उतरत नाही. परागाच्या ठिपक्यांची जागा कोरी सोडते. मग पातळ हात द्यायचे: आधी नारिंगी, त्यावर शेंदरी, वर किरमिजी. सावलीत काळा घातला की तू मलूल दिसतेस. लालावर गडद हिरवा अलगद फिरवला, की घशातला रंग आपोआप येतो. मेणाच्या पेन्सिली फार रेटल्या तर पुढे चित्रावर पांढुरका थर येतो, तो मऊ कापडाने पुसला की जातो. गुलाबी आणि जांभळ्या छटा उन्हात लवकर उडतात, तेव्हा चित्र खिडकीसमोर टांगू नये हे बरं.

तुझा मुक्काम एका दिवसाचा, आणि पेन्सिलीची चाल मुंगीची. पण तू एक सवलत देतेस. खुडून पाण्याविना ठेवली तरी दिवसभर उमललेलीच राहतेस. गुलाब इतका समजूतदार नाही. संध्याकाळी कडा आत वळायला लागतात, म्हणून पहिला मान नळीला आणि पाकळ्यांच्या पिळाला. दातेरी, तुकतुकीत पानं उद्याही तशीच असतात, ती उद्या.

एक विनंती आहे. उद्या उमलशील ती आतल्या फांदीवर उमल. कुंपणावरून डोकावलीस, तर सकाळी फिरायला येणारे काका पिशवी घेऊनच येतात. देवासाठी नेतात, त्यामुळे त्यांना काही बोलायचीही सोय नाही.

तुझी,
समोर बसून चित्र काढणारी