दोराचं खालचं टोक

मठ असो, मंदिर असो, दर्गा असो; दाराशी तिकीटखिडकी आणि अंगणात सेल्फीवाल्यांची गर्दी दिसली की माझ्या लेखी ती जागा संपलेली असायची. हे मत मी वर्षानुवर्षं बाळगलं, चारचौघांत ठासून मांडलं आणि त्याबद्दल दादही घेतली. कार्ल्याला गेले की एकवीरेच्या वाटेवरच्या दुकानांना नावं ठेवायची आणि चैत्यगृहात शिरल्यावर ‘तेव्हा इथं किती शांत असेल’ म्हणून उसासा टाकायचा, हा ठरलेला कार्यक्रम. ग्रीसमधल्या मेतेओराला एकटीनं जायचं ठरवलं तेही या मताला खतपाणी घालायलाच. उभ्या सुळक्यांच्या माथ्यावर मठ, वर जायला एके काळी फक्त शिड्या, दोर आणि जाळी. जगाकडे पाठ फिरवलेल्या माणसांची जागा, आणि आता तिथं टुरिस्ट बसगाड्यांचा धुमाकूळ. निष्कर्ष मी घरूनच बांधून नेला होता.

बसगाड्यांवरच्या रागापोटी मी रेल्वेनं गेले. अथेन्सच्या लारिसा स्टेशनातून उत्तरेकडे जाणारी गाडी, पालेओफार्सालोस जंक्शनला बदल, तिथून फाट्यावरची गाडी थेट कालाम्बाकापर्यंत. रेल्वेनं येतो तो प्रवासी आणि बसनं येतो तो पर्यटक, अशी एक सोयीची वर्णव्यवस्था मी मनाशी तयार ठेवली होती. कापसाचा हंगाम होता. थेसलीच्या सपाट मैदानात रुळांच्या दोन्ही अंगांना बोंडं फुटलेली. वर्धा जवळ आलं की काय असं वाटावं. वेचायला मात्र माणसं नव्हती, यंत्रं होती.

थेसली 1881 साली ऑटोमन साम्राज्याकडून ग्रीसकडे आली आणि 1886 मध्ये व्होलोस बंदरापासून निघालेले मीटरगेज रूळ कालाम्बाकाला पोचलेही. ते काम एवारिस्तो दे किरिको या इटालियन अभियंत्याच्या देखरेखीखाली झालं. चित्रकार जॉर्जो दे किरिकोचे हे वडील. मुलाच्या चित्रांत क्षितिजावरून धूर सोडत जाणारी आगगाडी पुढं पुन्हा पुन्हा दिसते ती उगाच नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. सुळक्यांवर चढायला खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या त्या 1920च्या दशकात. म्हणजे गावाला रेल्वे आधी मिळाली, मठांना जिना नंतर. ज्या गाडीत बसून मी सोवळी राहिले होते, ती त्या बसगाड्यांचीच थोरली बहीण निघाली.

खरा धक्का वार्लाम मठात बसला. तिथं जुना मनोरा जपून ठेवला आहे, त्यात दोर गुंडाळायचा लाकडी रहाट, माणसं वर ओढून घ्यायची जाळी, आणि बारा हजार लिटरच्या आसपास मावेल असं ओकच्या लाकडाचं अवाढव्य पिंप. मठाची परंपरा अशी सांगते की सोळाव्या शतकात इथलं मुख्य चर्च बांधायला वीस दिवस लागले, पण त्याचं सामान वर चढवायला बावीस वर्षं. आकडे परंपरेचे आहेत, शपथेवर घेऊ नयेत. पण रहाटासमोर उभं राहिलं की त्यातला रोख पटतो. वरच्या माणसांचा दिवस प्रार्थनेत जायचा हे खरंच, पण तितकाच तो ओढण्यात जायचा. गहू, तेल, चुना, लाकूड, पाहुणा, सगळं खालून. सुळक्यावर गव्हाचं शेत पिकत नाही. खालच्या मैदानात कुणीतरी ते पिकवून, पायथ्याशी आणून, दोराला बांधायचं, तेव्हा वर उपास सोडायची सोय व्हायची.

मग बाकीचाही इतिहास वेगळा दिसू लागला. चौदाव्या शतकात अॅथोस पर्वतावरून आलेल्या अथानासिओस यांनी ‘मोठा मेतेओरो’ या मठाची स्थापना केली. त्यांच्या मागून तो वाढवला तो योआसाफ यांनी, आणि हे योआसाफ म्हणजे त्रिकाला शहरातून राज्य करणाऱ्या सर्बियन घराण्याचे राजपुत्र. जगाकडे पाठ फिरवलेल्या या मठाच्या पाठीशी जग पहिल्यापासून पैशांसकट उभं होतं.

सुळक्यांवर एके काळी चोवीस मठ होते असं सांगतात. आज नांदते आहेत सहा. कास्त्राकी गावामागच्या कड्यांतल्या गुहांत जुन्या लाकडी मजल्यांचे उरलेसुरले वासे लटकताना दिसतात. तिकीट नाही, जिना नाही, सेल्फी नाही. माझ्या जुन्या हिशेबानं सर्वांत पवित्र जागा याच ठरल्या असत्या. तिथं आता फक्त पक्षी राहतात.

उलट आयिओस स्तेफानोस. हा एकच मठ असा की जिथं जिना चढावा लागत नाही. रस्त्यावरून छोटा पूल ओलांडला की आत. एके काळी बायकांना ज्या सुळक्यांवर प्रवेश नव्हता तिथला हा मठ ओस पडत चालला होता, तो 1961 साली साध्वींच्या हाती आला आणि पुन्हा उभा राहिला. तिकीटखिडकीवर एक साध्वी बसली होती. एका हातानं सुटे पैसे मोजत होती, कानाशी फोन होता, आणि आवाजावरून पलीकडच्या माणसाला कशाबद्दल तरी फैलावर घेत होती. आधीची मी असते तर तिथूनच परत फिरले असते. त्या दिवशी मला वार्लामचा रहाट आठवला. ही बाई दोरच ओढत होती.

2023च्या सप्टेंबरात ‘डॅनियल’ वादळानं थेसलीत हाहाकार माजवला, कालाम्बाकाच्या फाट्याचे रूळ उखडले आणि गाडी बंद पडली. बातमी वाचल्यावर मनात आधी विचार आला तो त्या खिडकीचा. वर माणसं पोचवायचं काम तेव्हा कुणाकडे गेलं, तर ज्यांना मी शिव्या घातल्या त्या बसगाड्यांकडे.

माझ्या या नव्या मताला छेद देणारी एक गोष्ट आहे आणि ती टाळून पुढं जाता येत नाही. मोठ्या मेतेओरोचे मठाधिपती एमिलियानोस 1973 साली आपल्या शिष्यांसह अॅथोसवरच्या सिमोनोपेत्रा मठात निघून गेले. वाढत्या पर्यटकांचा गलबला हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे माझं जुनं मत एका अधिकारी माणसानं बिऱ्हाड हलवून मांडलं होतं. 1981च्या जेम्स बाँडपटाचं चित्रीकरण आयिया त्रियादा मठावर आलं, तेव्हा शॉट बिघडावा म्हणून मठवासीयांनी धुणी वाळत घातली. (निषेधाची याहून घरगुती तऱ्हा मला माहीत नाही.) तेव्हा गर्दीचा जाच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की जाच आणि मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्यांची सर्रास गल्लत करत होते. एमिलियानोस गेले तरी मोठ्या मेतेओरोत आजही पहाटेची उपासना होते, पर्यटक अंथरुणात असताना.

परत आल्यावर कार्ल्याला गेले. चैत्यगृहाच्या खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत हे मी शाळेपासून ऐकत होते, त्यात धेनुकाकटाहून आलेले, स्वतःला यवन म्हणवणारे लोक आहेत हेही. बोरघाटातल्या व्यापारी वाटेवरच्या पैशानं हे खांब उभे राहिले. उसासा टाकायला जागाच उरली नाही. खाली एकवीरेच्या वाटेवर नारळ घेतला, घासाघीस न करता.

मठांतल्या स्कर्टच्या सक्तीबद्दलचं माझं मत मात्र जसंच्या तसं आहे. मेतेओराच्या दाराशी बायकांना कमरेला गुंडाळायला कापड देतात. पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही, हे मान्य. पण फुल पँट घातलेला पुरुष तसाच आत जातो आणि माझ्या घोट्यापर्यंतच्या फुल पँटवर मात्र फुलाफुलांचं कापड चढतं. मी ते दर मठात मुकाट्यानं गुंडाळलं आणि दर मठात चिडले.